मावशीची साक्ष

बिबवेवाडी, पुणे
बुधवार, १२ नोव्हेंबर

प्रिय आमोददादा,

सप्रेम सलाम. तू आणि वहिनी खुशाल असाल अशी आशा आहे. मीही खुशाल आहे, म्हणजे जेवते, झोपते, सकाळी अंघोळ करते.

पत्र बघून दचकू नकोस. तू मला फोनवर ब्लॉक केलंयस. तुझा तो मदतनीस विश्वजीत "सर उपासात आहेत" याच्यापुढे मला सरकू देत नाही. आणि मावशीच्या दफनविधीच्या दिवशी तुझ्याभोवती इतकी माणसं होती की मला तुझा फक्त एक खांदा दिसला. म्हणून कागद. बारावीच्या पेपरनंतर इतकं मराठी मी लिहिलेलं नाही, तेव्हा चुका काढत बसू नकोस. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं हे तुला माहीतच आहे, नातेवाइकांना ती बातमी तूच दिली होतीस.

आधी घरच्या बातम्या. दूध बंद केलं. मावशीचे कपडे अजून काढलेले नाहीत, तू येऊन काय ठेवायचं ते सांग. बाल्कनीतल्या जाळीला एक भोक पडलंय आणि त्यातून कबुतरं आत येतात, मी एकदा हाकलली, आता हाकलत नाही. मावशीची शवपेटी खाली पार्किंगमध्ये ठेवली होती ना, तेव्हा आप्पासाहेब वरून खाली आले आणि मला म्हणाले, "सोसायटीच्या नियमात पार्किंग वाहनांसाठी आहे." मी त्यांना काहीतरी वाईट बोलणार होते. तेवढ्यात त्यांनी स्वतःची गाडी काढून रस्त्यावर नेऊन लावली आणि आपण सगळे दफनभूमीतून परत येईपर्यंत त्या मोकळ्या जागेत खुर्ची टाकून बसून राहिले, दुसऱ्या कुणी तिथे गाडी घुसवू नये म्हणून. नंतर मला म्हणाले, "मंडळी परत आल्यावर कुठे बसणार, हा विचार कुणीतरी करायला हवा होता." पुण्याची माणसं मला कधी कळणार नाहीत. मी फिरले तिथली माणसं कशी गोड बोलतात आणि भाडं वाढवतात. गोकर्णला ज्या बाईच्या कॅफेत मी भिंतीवर कासवं रंगवायचे, ती मला रोज मिठी मारायची, आणि मावशी आजारी आहे म्हणून निघाले तर तिने पगार दिला नाही. जाऊ दे. कुठून कुठे चालले मी.

दादा, तू कबरेपाशी जे बोललास त्याबद्दल लिहायचं आहे.

विधी पाळकसाहेबांनी चालवला. तू स्वतःची मंडळी काढायच्या आधीच्या आपल्या जुन्या चर्चचे तेच ते पाळकसाहेब, ज्यांनी तुलाही बाप्तिस्मा दिला आणि मलाही. मग त्यांनी मुलगा म्हणून तुला दोन शब्द बोलायला सांगितलं. तू म्हणालास की तुझी आई शेवटपर्यंत आपल्या साक्षीवर ठाम राहिली. म्हणालास की जी साक्ष तिने खराडीच्या हॉलमध्ये सगळ्या मंडळीसमोर दिली तीच तिच्या ओठांवर होती, आणि आज तिला पूर्ण आरोग्य मिळालंय. तुझ्याबरोबर आलेली सगळी माणसं आमेन म्हणाली. मी माती हातात घेऊन उभी होते. माझ्या तोंडून आमेन निघालं नाही. कुणाच्या लक्षात आलं नसेल, मी चर्चला न जाणारी मुलगी, माझ्याकडून कोण अपेक्षा करतं.

पण ती साक्ष तिने फोनवर दिली, आणि त्या खोलीत मी होते. तू नव्हतास. तेव्हा ती साक्ष काय होती ते मी सांगते.

सप्टेंबरातला तो रविवार. मावशीच्या पोटातली गाठ तेव्हा हाताला लागायची. तू तेल लावून प्रार्थना केल्यानंतर तिने सलाईनवरचे उपचार बंद केले होते, हे तुला माहीत आहे. तू बंद कर म्हणाला नव्हतास, हेही मला माहीत आहे. तू फक्त म्हणालास, "आई, तू काय कबूल करतेस त्यावर सगळं आहे." त्याचा अर्थ तिने लावला. दर महिन्याला डॉक्टर विचारायचे, दुखतंय का. ती म्हणायची, नाही. दुखतंय म्हटलं की आजाराला कबूल केल्यासारखं होतं ना. डॉक्टर बिचारे तिच्या तोंडाकडे बघून साध्या गोळ्या लिहून द्यायचे. मी बाजूला उभी राहून सांगायचा प्रयत्न केला तर ती माझा हात दाबायची आणि हसून म्हणायची, "आमची शेफू जरा घाबरट आहे."

त्या रविवारी ती सकाळपासून उलट्या करत होती. मी घमेलं धरून बसले होते. तुझा फोन आला. तू म्हणालास, "आई, आता तू स्पीकरवर आहेस, सगळी मंडळी ऐकतेय, सांग प्रभूने तुझ्यासाठी काय केलं."

मावशी उठून बसली. तिने केसांना गाठ मारली. पदर नीट केला. फोनवर कोण बघणार होतं? तीस-पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेली बाई, तिला आवाज कसा लावायचा ते कुणी शिकवायला नको. लहानपणी आपण तिच्या ऑफिसात फोन करायचो तेव्हा ती आपली मावशी किंवा आई वाटायचीच नाही, आठवतं? तोच आवाज. म्हणाली, "सलाम. मी शर्मिला उजागरे बोलतेय. मी बरी झाले आहे. प्रभूची स्तुती असो." पलीकडे टाळ्या सुरू झाल्या, मला फोनमधून त्या कढईत काहीतरी टाकल्यासारख्या ऐकू आल्या. तू काहीतरी बोललास. मग फोन बंद झाला आणि तिने माझ्या हातातलं घमेलं ओढून घेतलं.

तोंड पुसून झाल्यावर ती मला म्हणाली, "आवाज बरा लागला ना?"

मी हो म्हणाले. खरंच बरा लागला होता.

तुझा राग यावा म्हणून मी हे लिहीत नाहीये. तुला वाटतं तितकी मी तुझ्या विरोधात नाही. तू ढोंगी नाहीस, हे मी वारज्याला जाऊन सांगून आले. (वारज्याचं पुढे लिहिते.) काका गेले तेव्हा तू नववीत होतास. तू हॉस्पिटलच्या जिन्यावर गुडघे टेकून बसला होतास आणि मी तुझ्या शर्टाचं टोक धरून उभी होते, मला वाटत होतं आपण लपाछपी खेळतोय. तू देवाला सांगत होतास की पप्पांना बरं कर, मी तुझी सेवा करीन. देवाने नाही म्हटलं. त्यानंतर तू असं एक शिक्षण शोधून काढलंस ज्यात देवाला नाही म्हणायची जागाच नाही. विश्वास पुरेसा असेल तर तो हो म्हणणारच, आणि नाही म्हटलं तर दोष माणसाचा. मला वाटतं नववीतल्या मुलाला ते सोपं गेलं असेल. दोष स्वतःकडे घेतला की निदान देव वाचतो.

पण दादा, ते खरं नाही. मी काही शिकलेली नाही, तुझ्यासारखं मला ग्रीक शब्द सांगता येत नाहीत. मावशीजवळ बसून बसून तिचं पवित्र शास्त्र वाचलं तेवढंच. आधी ती वाचून दाखवायची, मग मी तिला. आणि अडलं की पाळकसाहेबांना फोन. ते एकदा वैतागून म्हणाले, "इतके प्रश्न बाप्तिस्म्याच्या वर्गात विचारले असतेस तर बरं झालं असतं, तेव्हा तू खिडकीबाहेर बघायचीस."

पकडला जायच्या आधीच्या रात्री बागेत प्रभूने स्वतः प्रार्थना केली. हा दुःखाचा प्याला दूर कर म्हणून. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. बापाने प्याला दूर केला नाही. मग प्रभूचा विश्वास कमी पडला का? तुझ्या हिशेबाने पडला. तू असं कधीच म्हणणार नाहीस, मला माहीत आहे, पण तुझं शिक्षण सरळ चालत गेलं की तिथेच पोचतं.

प्रेषित पौलाने त्रफिमाला मिलेत शहरात आजारी सोडलं. एका ओळीत येऊन जातं, मी तर आधी तशीच पुढे गेले होते, मावशीने मला थांबवलं. म्हणाली, "परत वाच." पौलाच्या रुमालाने लोक बरे व्हायचे, आणि त्याचाच सोबती आजारी राहिला. पौलाने ते लपवलं नाही. त्रफिमाचा विश्वास कमी होता असंही लिहिलं नाही. आजारी होता, मागे राहिला, एवढंच. मावशी म्हणाली, "बघ, त्याने नाव घातलं. लाज वाटली नाही त्याला."

आणि ते तुझं वाक्य. लक्षणं खोटं बोलतात, वचन खरं बोलतं. ते तू हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलंयस. वधस्तंभावर प्रभू म्हणाला की मला तहान लागली आहे. ते काय होतं दादा? लक्षणच ना? देवाच्या पुत्राला तहान लागली हे सांगायची लाज वाटली नाही, आणि माझ्या मावशीला ओठ फाटले तरी पाणी मागायची भीती वाटत होती. स्तोत्रं तर अर्धी कण्हण्याचीच आहेत. हाडं दुखतात, अंथरूण आसवांनी भिजतं, सगळं सांगून टाकलंय. तुझ्या हॉलमध्ये ती माणसं उभी राहिली असती तर विश्वजीतने त्यांच्या हातातून माईक काढून घेतला असता.

पाळकसाहेब म्हणतात की ज्या वचनावर तू सगळं उभं केलंयस, "त्याच्या फटक्यांनी आपण बरे झालो", ते वचन त्याच्या पुढच्या-मागच्या ओळींसकट वाचावं. तिथे मेंढरं भटकल्याची गोष्ट चाललीय, पापाची चाललीय. पोटातल्या गाठीची नाही. मला हे पटलं, पण खरं सांगू, माझं तेवढ्यावर अडलेलं नाही. देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे. गोकर्णला माझा ताप कसा उतरला ते मी तुला कधी सांगितलं नाही, सांगणारही नाही, हसशील. माझं अडलंय ते यावर की तू खरं बोलण्याला पाप केलंस. मावशी, जिने आयुष्यात कधी एक खोटी सुट्टी टाकली नाही, ती मरताना रोज खोटं बोलत होती, आणि तिला वाटत होतं हीच भक्ती.

काल इथपर्यंत लिहिलं आणि बाहेर गेले. पायी स्वारगेटपर्यंत गेले आणि मग बसमध्ये चढले, कुठे जाते ते न बघता. सवय आहे मला, सुचेनासं झालं की निघायचं. कात्रजला उतरून परत आले. आज गुरुवार आहे.

आता वारज्याचं.

मावशीची साक्ष ऐकून तुझ्या मंडळीतल्या एक उल्काताई आपल्याकडे आल्या होत्या. तुला माहीत असतील, ब्लाउज शिवतात, तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसतात, रुमालात नेहमी टाचण्या अडकवलेल्या असतात. डिंकाचे लाडू घेऊन आल्या. मावशीचे पाय धरले आणि म्हणाल्या, "ताई, तुमची साक्ष ऐकली आणि त्याच दिवशी मी गोळ्या बंद केल्या."

मावशीने विचारलं, कसल्या गोळ्या.

उल्काताईंच्या हृदयाची झडप बदललेली आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यायची असते. नाही घेतली तर त्या झडपेवर गुठळी होते, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं, पण मावशीला त्या क्षणीच कळलं. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तिने सगळा जोर लावून सांगितलं की उल्का, मी बरी नाही. मी त्या दिवशी खोटं बोलले. तुम्ही गोळ्या घ्या.

उल्काताई हसल्या. गोड हसल्या, दादा. म्हणाल्या, "असं बोलू नका ताई, सैतान ऐकतो. तुम्ही माझी परीक्षा घेताय, मला कळतंय. सरांनी सांगितलंय, लक्षणं खोटं बोलतात."

मी मध्ये पडले, मावशीच्या पोटावरची चादर काढून दाखवली. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि प्रार्थना सुरू केली. बघायचं नाही हेच तर तू शिकवलंयस. कोणी खरं सांगायला आलं की तो मोहात पाडणाऱ्याचा आवाज. असं घर तू बांधलंयस की त्याला आतून कडी लागते, आणि ती उघडायला बाहेरून कुणाचा हात पोचत नाही. मावशीचासुद्धा पोचला नाही. ज्या बाईच्या एका वाक्यावर गोळ्या सुटल्या, त्याच बाईच्या दुसऱ्या वाक्यावर त्या परत सुरू होईनात.

मग मावशीने तुला फोन केला. मी शेजारीच होते. तिने एवढंच म्हटलं की आमोद, मला परत एकदा स्पीकरवर घे, मला मंडळीला काही सांगायचं आहे. तू विचारलंस काय. तिने सांगितलं. तू म्हणालास, "आई, हे तू बोलत नाहीयेस. मी हे ऐकलं नाही." आणि फोन ठेवलास. त्यानंतरचे सगळे फोन विश्वजीतने घेतले.

त्यानंतर रोज तिचं एकच. आमोदने फोन उचलला का. येत्या रविवारी घेईल का. मी म्हटलं आपण माझ्या मोबाइलवर रेकॉर्ड करू आणि उल्काताईंना ऐकवू. तिने प्रयत्न केला. पण तोवर आवाज गेला होता. ती बोलायची ते मला ओठांवरून कळायचं, फोनला कळत नव्हतं. परत परत करायला लावलं तिने मला. शेवटी तिनेच मोबाइल उलटा ठेवला.

पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकरी आणि द्राक्षारस घेऊन आले. स्कूटर खाली लावून जिने चढून आले, धाप लागली होती. मावशीने भाकरी घेतली नाही. आधी मला सांगायचं आहे म्हणाली, आणि त्या तसल्या आवाजात सगळं सांगितलं, साक्ष, टाळ्या, उल्काताई, सगळं. पाळकसाहेब तिच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकत होते. मग ते म्हणाले, "देवाला हे माहीत आहे, शर्मिलाबाई. त्या बाईंना माहीत नाही."

मला तेव्हा त्यांचा राग आला. मरणाऱ्या माणसाला असं बोलतात का. पण मावशीने मान हलवली, आणि मग भाकरी घेतली.

दफनविधीनंतर दोन दिवसांनी मी वारज्याला गेले. उल्काताईंच्या घरी शिवणाच्या मशिनीवर अर्धा ब्लाउज होता. त्यांचे पाय सुजलेत. चहा करायला उठल्या तर दोनदा ओट्याला धरून थांबल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी हळू, न भांडता. त्या माझा हात हातात घेऊन म्हणाल्या की तुझं दुःख मला कळतं, पोरी. पण सरांनी स्वतः कबरेपाशी सांगितलं ना, त्या साक्षीवर ठाम होत्या म्हणून. आणि आता त्यांना पूर्ण आरोग्य मिळालंय. मी म्हटलं सरांनी मावशीचं ऐकूनच घेतलं नाही. त्या म्हणाल्या, "सर त्यांचे चिरंजीव. त्यांना माहीत नसेल तर कुणाला असणार?" आणि मग त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. मी तुला ढोंगी म्हणत नाही, असं तेव्हा मीच त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं होतं.

पूर्ण आरोग्य. दादा, मरण हेच जर पूर्ण आरोग्य असेल तर ते त्यांना आधीच सांग. गोळ्या बंद करायच्या आधी सांग की याचा शेवट असाही होऊ शकतो, आणि तेव्हाही मी पुढे उभा राहून त्याला आरोग्यच म्हणेन. आधी एक सांगायचं आणि कबरेपाशी दुसरं, असं बाजारात एखादा दुकानदार करतो तेव्हा आपण त्याला काय म्हणतो?

नाही, हे मी चिडून लिहिलं. खोडत नाही, पण चिडून लिहिलं एवढं लक्षात घे.

एक गोष्ट राहिली. मी ती पहिल्या पानापासून लिहायची टाळतेय, तुझ्या लक्षात आलं असेल. कबुतरं काय, कासवं काय.

तू म्हणालास ती शांतीने गेली. लोकांना तसं सांगायचं असतं, मला कळतं. ती शांतीने गेली नाही. त्या दिवशी सकाळी मी तिच्या ओठांवर ओला कापूस फिरवत होते. तिने माझं मनगट धरलं. मी कान जवळ नेला. ती म्हणाली, "शेफू, माझा विश्वास कमी पडला का गं?"

मी म्हटलं, नाही मावशी. काहीतरी बोलत सुटले, त्रफिम, बाग, जे आठवेल ते. म्हटलं कमी असला तरी प्रभू घेतो, शास्त्रातला तो बाप नाही का, ज्याने आजारी मुलासाठी येऊन सरळ सांगितलं होतं की माझा विश्वास आहे पण अविश्वासही आहे, मदत कर, आणि प्रभूने मुलाला बरं केलंच की. मी खूप बोलले.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू म्हणून काय उपयोग, बाळा. आमोदने म्हटलं पाहिजे."

त्यानंतर ती दाराकडे बघत राहिली. मला वाटतं दुपारपर्यंत. ऊन खिडकीतून सरकत तिच्या पायांवर आलं होतं. कुणी जिना चढलं की तिची नजर हलायची. एकदा कुरिअरवाला आला, एकदा आप्पासाहेबांची मोलकरीण. मग हलेनाशी झाली.

तिला तुझा राग नव्हता. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही, मला सध्या तुझं मन राखायचं नाही. ती खोटं बोलली ती तुझ्यासाठी. माझ्याजवळ तिने ते कबूल केलं होतं. म्हणाली, त्याने लहानपणी एकदा मागितलं आणि त्याला मिळालं नाही. या वेळी त्याला वाटू दे की देवाने त्याचं ऐकलं. स्वतःच्या दुखण्यापेक्षा तिला याची जास्त काळजी होती, की तिचं दुखणं दिसलं तर सगळ्यांसमोर तू खोटा पडशील. आणि म्हणून तिने ते लपवलं, डॉक्टरांपासून, तुझ्यापासून, टाळ्या वाजवणाऱ्या त्या सगळ्यांपासून. मग शेवटी तिलाच वाटायला लागलं की ज्याच्यासाठी आपण एवढं केलं तो आला नाही, याचा अर्थ आपणच कमी पडलो.

तू का आला नाहीस, ते मी विचारणार नाही. आजाराचं बोलणं चालतं त्या खोलीत तू पाऊल ठेवत नाहीस असं विश्वजीत म्हणाला होता. मला वाटतं तू घाबरला होतास. पुन्हा तोच हॉस्पिटलचा जिना. असू दे. मीही आयुष्यभर पळतेच आहे, माझ्या पाठीवर सॅक असते आणि तुझ्या हातात माईक, एवढाच फरक.

तुझ्या आईला तू आता काही सांगू शकणार नाहीस. तिने जे विचारलं त्याचं उत्तर तुझ्याकडेच राहिलं. पण तेच उत्तर ऐकायला वारज्यात एक बाई जिवंत आहेत, आणि त्यांना मी सांगून चालत नाही, पाळकसाहेबांनी सांगून चालत नाही, डॉक्टरांनी सांगून तर नाहीच. तू मंडळीपुढे उभं राहून सांगायला हवं. माझी आई बरी झाली नव्हती, तिला दुखत होतं, ती मेली, आणि तिचा विश्वास कमी नव्हता. एवढी चार वाक्यं. नंतर गोळ्यांचं सांग. तुझा हॉल त्यानंतर अर्धा रिकामा होईल, कदाचित पुरा. विश्वजीतही जाईल. मग तू काय करशील ते मला माहीत नाही, मी तुला काही सुचवू शकत नाही, माझ्याकडे बघून कुणी सल्ला घेत नाही.

उद्या मनालीकडे जाणाऱ्या एका ओळखीच्या टोळीबरोबर निघायचं ठरलं होतं. मी येत नाही असं त्यांना कळवलं.

रविवारी मी येतेय. वारज्याला जाऊन उल्काताईंना रिक्षाने घेऊन येईन. तुझा हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे, त्यांना मध्ये बसत बसत चढावं लागेल, तेव्हा आम्हाला उशीर होईल. आम्ही वर पोचेपर्यंत बोलायला सुरुवात करू नकोस.

तुझ्या आईजवळ बसलेली,
शेफाली